स्क्रूचे पावणेदोन फेरे

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मोजणीदारांनी स्वतःचं घर मोजून काढलं. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली होती, आपल्या भिंतींकडे बघायला सवड मिळाली नव्हती. मोजणीत असं निघालं की समोरची खोली नकाशात दाखवलीय त्यापेक्षा चार बोटं आखूड आहे आणि मागची, म्हणजे जिथे बायकोचं भरतकामाचं मशीन होतं ती, बरोबर चार बोटं लांब. ही बातमी त्यांनी जेवताना सांगितली. बाईंनी विचारलं, मग आता भिंत सरकवायची का? विषय तिथेच मिटला.

गल्लीत नोकरी सुटल्यावरही त्यांना मोजणीदारच म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, आणि ‘बाईंचं घर’ म्हटलं की कुणालाही पत्ता कळे. ‘मोजणीदारांचं घर’ म्हटलं तर थोडं समजावून सांगावं लागे. बाई बावीस वर्षं त्या मागच्या खोलीत डॉक्टरांच्या कोटांवर नावं, शाळांच्या शर्टांवर बिल्ले, टॉवेलांवर आद्याक्षरं आणि बाळांच्या दुपट्यांवर बदकं काढत आल्या होत्या. मोजणीदारांची याबद्दलची समजूत अगदी स्वच्छ होती. बटण दाबलं की मशीन आपलं आपण भरत जातं, बाई शेजारी बसून राहतात. मित्रमंडळींत त्यांनी हे अनेकदा समजावून सांगितलं होतं, आणि तेही आत्मविश्वासाने, कारण बावीस वर्षांत ते त्या खोलीत दहा मिनिटांच्या वर कधी थांबले नव्हते.

त्यांना काहीतरी बिनसलंय हे कळलं ते बरणीच्या झाकणावरून. एके दिवशी बाईंनी बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, उघडून द्या जरा. त्यांनी उघडून दिली, आणि निवृत्त झालो तरी मनगटात जोर आहे म्हणून त्यांना बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी बाटली आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बरणी आली तेव्हा मोजणीदारांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी बाईंचा उजवा हात धरून बघितला. अंगठ्याच्या बुडाशी सांधा सुजून वर आला होता, आणि बाईंनी हात काढून घेतला तो दुखलं म्हणून की लाज वाटली म्हणून, ते त्यांना ठरवता आलं नाही.

डॉक्टरीण म्हणाली, सांधा झिजलाय. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत काही धरून पिळायचं नाही, कधीच. बाईंनी विचारलं, आणि स्क्रू? डॉक्टरणीने विचारलं, कसला स्क्रू?

तर, तो स्क्रू असा. भरतकामाचं मशीन कापड हातात धरू शकत नाही, ते धरायला रिंग लागते. एक बाहेरची रिंग, एक आतली. बाहेरच्या रिंगेवर आधाराचा पेपर, पेपरवर कापड, आणि वरून आतली रिंग दाबून बसवायची, म्हणजे दोन रिंगांच्या मध्ये कापड पकडलं जातं. बाहेरच्या रिंगेला एका बाजूला फट असते आणि त्या फटीवर स्क्रू. तो पिळला की पकड घट्ट. सुई मिनिटाला सातशे टोचे मारते. कापड रिंगेत केसभर सरकलं तर डॉक्टरांचं नाव भलत्याच डॉक्टरांचं दिसायला लागतं. म्हणून बाई रिंग बसवून स्क्रू पिळत, कापडाची कड ओढून घेत, पुन्हा पिळत, पुन्हा ओढत, आणि शेवटचा एक पीळ देत. दिवसाला तीस-चाळीस वेळा, बावीस वर्षं. बटण दाबणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता, आणि मोजणीदारांना नेमका तेवढाच माहीत होता.

लेक दुसऱ्या शहरात होती. तिने फोनवर सांगितलं, बाबा, आता विका ते मशीन, आईला आराम करू दे. बाईंनी वाद घातला नाही. एका मशीनवाल्याशी त्याच बोलल्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गाडी घेऊन येतो, असं ठरलं. हातात फक्त एक काम राहिलं होतं, एका गाणाऱ्या मंडळाचे चाळीस टी-शर्ट. शब्द दिला होता, तेवढं करून द्यायला हवं होतं.

“मी लावतो रिंगा,” मोजणीदार म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, “चाळीस शर्टांपुरतं शिकवते. नंतर नाही. दुसऱ्याच्या अंगठ्यावर मी धंदा चालवणार नाही, सांगून ठेवते.”

मोजणीदारांनी मान डोलावली. खरं म्हणजे त्यांचं काम सुटून चार महिने झाले होते, आणि त्या चार महिन्यांत ते गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजत होते. सरासरीही काढली होती. ती कुणाला सांगावी हा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवी वही आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली घेऊन मागच्या खोलीत हजर झाले. बाईंनी पेपरांपासून सुरुवात केली. फाडायचा पेपर वेगळा, तो न ताणणाऱ्या कापडाला, भरून झालं की मागून टरकन फाडून काढायचा. कापायचा पेपर वेगळा, तो टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला. तो कडेने कापायचा आणि आत कायमचा राहू द्यायचा, कारण अशा कापडाला जन्मभर आधार लागतो. टॉवेलवर वरून एक काचेसारखा पातळ कागद टाकायचा, म्हणजे टाके टॉवेलच्या लवेत बुडत नाहीत. तो पाण्यात विरघळून जातो. आणि मखमल रिंगेत घालायचीच नाही. रिंगेचा वळ उठतो तो मरेपर्यंत जात नाही. मखमल आली तर रिंगेत नुसता चिकट पेपर लावायचा आणि वरून मखमल अलगद झोपवायची. मोजणीदारांनी सगळं लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिली रिंग त्यांनी जुन्या टी-शर्टवर लावली आणि कापड असं ताणलं की वर टिचकी मारली असती तर शेजारचे दार उघडायला आले असते. जमिनीवर मोजणीची साखळी टाकायची तर ती ताणूनच धरावी लागते, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. बाईंनी त्यावर एक गोल भरून काढला. रिंगेत तो सुंदर दिसत होता. रिंग काढली आणि कापड आपल्या मूळ आकाराला परत गेलं. गोलाभोवती अशा चुण्या पडल्या, जशा नापसंतीने आवळलेल्या म्हाताऱ्याच्या ओठांभोवती पडतात.

“कापडाला ताणायचं नसतं,” बाई म्हणाल्या. “ताण पेपरने सोसायचा. कापडाने नुसतं पडून राहायचं.”

तीन आठवडे तालीम चालली. बाईंची तपासणीची पद्धत ठरलेली होती. रिंग पुढे आली की त्या डोळे मिटून कापडावरून नखाची पाठ फिरवत, मध्यावर एकदा बोट आपटून ऐकत, आणि पसंत नसेल तर एक शब्द न बोलता डाव्या हाताने स्क्रू सैल करून रिंग मोजणीदारांच्या पुढे परत सरकवत. चौतीस वर्षांत साहेब लोकांनी मोजणीदारांचे नकाशे परत पाठवले होते, पण ते निदान शेरा लिहीत.

शेरा नाही म्हटल्यावर मोजणीदारांनी स्वतःची सोय केली. बाईंनी पसंत केलेली प्रत्येक रिंग सोडवताना ते स्क्रू किती फेरे फिरतो ते मोजायला लागले आणि वहीत रकाने आखले. चादरीचं कापड, दोन. टॉवेल, अडीच. डॉक्टरांचा कोट, सव्वादोन. टी-शर्ट, पावणेदोन. बाई हसल्या. म्हणाल्या, कापड तुमची वही वाचत नाही. मग थोडं थांबून म्हणाल्या, टॉवेल खरंच अडीच आहे का? मी कधी मोजलंच नाही, अंगठाच सांगायचा.

“ह्याच्या डोक्याला ही खाच कशाला असते?” त्यांनी एकदा स्क्रू दिव्याखाली धरून विचारलं.

“शोभेला,” बाई म्हणाल्या.

त्या टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून मोजणीदारांना बऱ्याच गोष्टी नव्याने कळत होत्या. बाई कात्री डाव्या हाताने धरतात. दोरा ओवताना त्या श्वास रोखतात. रंग बदलायची वेळ आली की मशीन शिट्टी वाजवायच्या आधीच त्यांचा हात उठलेला असतो. लेकीने लहानपणी मशीनच्या अंगावर चिकटवलेला एक पिवळा मासा अजून तिथेच आहे. हे काही त्यांनी वहीत लिहिलं नाही. चौतीस वर्षं ते महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असत, भावाभावांच्या वाटण्या करत, आणि दोघांनाही पटेल अशी रेघ मारून परत येत. घरातल्या या खोलीची वाटणी त्यांच्या नकळत कधीच झाली होती आणि त्यात त्यांचा हिस्सा शून्य होता. आता कुठे एका खुर्चीपुरती जागा मिळाली होती, तीही शनिवारपर्यंत.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी बाई सकाळी अंगठा दाखवायला गेल्या. जाताना म्हणाल्या, अकरापर्यंत येते, चारही रिंगा लावून ठेवा, आले की सुरू करू. मोजणीदार निर्धास्त होते. आदल्या दिवशी दुपारीच त्यांनी चाळीसच्या चाळीस शर्टांवर छातीच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या शिवणीपासून मोजून, मध्याच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या. नमुन्याचे चार जुने शर्टही भरून झाले होते. त्यांनी आरामात चहा घेतला, वर्तमानपत्र चाळलं, दहाला खोलीत येऊन पहिला शर्ट उलगडला. फुली नव्हती. दुसरा उलगडला. तोही कोरा. दहाव्या शर्टापर्यंत त्यांना वाटत होतं की आपण उलटी बाजू बघतोय.

खुणेची पेनं दोन होती, निळं आणि जांभळं. निळ्याची खूण पाण्याचा हात लावला की जाते. जांभळ्याची काही न करता हवेनेच दिवसाभरात उडून जाते. हा फरक बाईंनी सांगितला होता, वहीत तो दोन रेघांसह नोंदलेला होता, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात मोजणीदारांनी जांभळं पेन उचललं होतं. आयुष्यभर ज्यांच्या खुणांवर लोकांनी कुंपणं घातली, त्यांच्या चाळीस खुणा एका रात्रीत हवेत गेल्या.

ते निळं पेन आणि फूटपट्टी घेऊन बसले. घामाघूम होऊन चाळिसावी फुली मारली तेव्हा अकराला बारा मिनिटं होती, आणि रिंग एकही लावलेली नव्हती. रिंगा हातात घेतल्यावर त्यांना आणखी एक चूक दिसली. काल नमुन्याचे शर्ट काढताना त्यांनी स्क्रू सैलच केले नव्हते, आतली रिंग तशीच उपटून काढली होती. बाईंचा नियम होता, आधी सैल, मग कापड, मग पीळ. बारा मिनिटांत चार वेळा सैल करून, ओढून, पिळून होणार नव्हतं. त्यांनी पेपर ठेवला, शर्ट चढवला, फुली जुळवली, आणि स्क्रूला हात न लावता उभं राहून आतली रिंग तळहाताने दाबली.

टक्, असा आवाज झाला आणि रिंग बसली.

त्यांनी नखाची पाठ फिरवून बघितली. कापड पडून होतं, आडवे-उभे धागे सरळ, कुठे ओढ नाही. खाली पेपर मात्र ताठ. ओढायला काही राहिलंच नव्हतं. दुसरी लावली, टक्. तिसरी. चौथी. अकराला तीन मिनिटं कमी असताना मोजणीदार चार रिंगांसमोर बसून राहिले होते, आणि त्यांना सगळं एकदम दिसत होतं. स्क्रू आधी बसवायचा. प्रत्येक कापडाचे फेरे वहीत आहेत. डोक्याला खाच आहे ती स्क्रूड्रायव्हरसाठी. एकदा बसवला की त्या कापडापुरता स्क्रूला पुन्हा हात लावायचा नाही. मग काम चिमटीचं राहत नाही, तळहाताचं होतं. बाईंचे तळहात ठणठणीत होते.

म्हणजे बाईंना मशीन विकायची गरज नव्हती. आणि म्हणजे बाईंना मोजणीदारांचीही गरज नव्हती.

पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला. बाई आत आल्या, हात धुतले, डोळे मिटून पहिल्या रिंगेवरून नख फिरवलं. बोट आपटलं. मग दुसरीवर. चारही रिंगा त्यांनी तशाच मशीनच्या बाजूला ठेवल्या, एकही सैल केली नाही.

“हात बसला हो तुमचा,” त्या म्हणाल्या.

या चार शब्दांची मोजणीदार तीन आठवडे वाट बघत होते. ते मिळाल्यावर त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी उठून पंखा लावला, जो चालूच होता.

त्यांनी सांगितलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मनाशी हिशोब असा की आता हात बसलाय म्हटल्यावर बाई स्वतःच म्हणतील, राहू दे मशीन, तुम्ही आहात ना. मग मशीनही राहील आणि खुर्चीही. सांगून टाकलं तर मशीन राहील, पण खुर्ची गॅलरीत जाईल. बाई समोर असल्या की ते स्क्रू अर्धा फेरा सैल करत आणि तेवढाच परत घट्ट करत, नुसता दाखवायला. खोट्या मोजणीचा आळ त्यांच्यावर उभ्या नोकरीत कधी आला नव्हता. आता ते दिवसाला दहा-बारा खोटे अर्धे फेरे फिरवत होते. बाई दोन-तीनदा त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या, पण ‘राहू दे मशीन’ असं काही म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा शर्ट मशीनवरून उतरला. मोजणीदार चहाचे कप घेऊन खोलीच्या दारात आले तेव्हा बाई मशीन पुसत होत्या. तेलाचे थेंब एकेका भोकात सोडून झाले होते, बॉबिनांची डबी दोऱ्याने बांधून ठेवली होती. आता त्या मशीनच्या अंगावरचा पिवळा मासा काढत होत्या. काढत होत्या म्हणजे उजव्या अंगठ्याचं नख त्याच्या शेपटीखाली घालायचा प्रयत्न करत होत्या. अंगठा ऐकत नव्हता. त्यांनी तो झटकला, तोंडाजवळ धरून फुंकर घातली, आणि पुन्हा लावला. मासा जागचा हलला नाही.

मोजणीदार दोन्ही कप घेऊन स्वयंपाकघरात परत गेले. चहा परत गरम करून यायला त्यांनी बराच वेळ लावला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी हाक मारली. “अगं, इकडे ये. एक दाखवायचंय.”

“चाळीस झाले ना?”

“झाले. हा एक्केचाळिसावा.” टेबलावर त्यांचा स्वतःचा घरात घालायचा टी-शर्ट होता, त्यावर निळी फुली. रिंगेचा स्क्रू बसवलेला, शेजारी स्क्रूड्रायव्हर. “अंगठा लावायचा नाही. उभी राहा, दोन्ही तळहात ठेव आणि वजन टाक.”

“माझं वजन काढू नका सकाळी सकाळी,” बाई म्हणाल्या, पण त्यांनी तळहात ठेवले आणि दाबलं.

टक्.

बाईंनी डोळे मिटून नख फिरवलं. बोट आपटलं. मग आतली रिंग तळहाताने उचकून काढली आणि स्वतःच पुन्हा लावली. टक्. तिसऱ्यांदा लावली तेव्हा त्या अंगठ्याकडे बघत होत्या. तो बाजूला उभा होता, नुसता, पाहुण्यासारखा. बावीस वर्षं कोण चुकत होतं याबद्दल खोलीत कुणी काही बोललं नाही. दोघांनीही ती काळजी घेतली.

“हे कधी कळलं तुम्हाला?”

“मंगळवारी.”

“आज शुक्रवार आहे.”

“हो.”

“मग मधले दिवस मिठाची गुळणी धरून बसला होतात?”

मोजणीदारांनी वही उघडली, मिटली. “तुला जमलं की माझं काम संपतं,” ते वहीला म्हणाले.

बाईंनी स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग फोन घेऊन त्यांनी मशीनवाल्याला लावला आणि उद्या गाडी आणू नका, म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस कारण विचारत असावा, बोलणं लांबलं. शेवटी बाई म्हणाल्या, “आमच्याकडे एक शिकाऊ माणूस आहे. त्याचं शिक्षण अर्धवट राहील.”

फोन ठेवून त्यांनी टॉवेलांचा गठ्ठा पुढे ओढला. वही त्यांच्या कोपरापाशीच उघडी होती, रकाना समोर, आकडे वीतभर अंतरावरून वाचता येतील एवढे ठळक.

“टॉवेलला किती?” त्यांनी विचारलं.

“अडीच.”

“मग बसवा की. बघताय काय.”

तेव्हापासून असंच चाललंय. स्क्रू मोजणीदार बसवतात, रिंग बाई दाबतात. कधी मोजणीदार दाबतात, आणि पसंत पडली नाही तर ती स्क्रू सैल होऊन एक शब्द न बोलता परत येते. पिवळा मासा जागेवर आहे, शेपटीचा एक कोपरा तेवढा उचकटलेला. आकडे बाईंना केव्हाच पाठ झाले असणार, तरी रोज सकाळी त्या विचारतात, कोटाला किती, चादरीला किती. मोजणीदार वहीत बघून सांगतात, तेही पाठ असून.

परवा गिऱ्हाइकाने मखमलीचा एक झगा आणून दिला. मोजणीदार बाहेरून आले तेव्हा तो टेबलावर होता आणि वहीत बाईंच्या अक्षरात एक नवी ओळ होती. कापडाच्या रकान्यात ‘मखमल’. फेऱ्यांच्या रकान्यात ‘ह्यांना विचारणे’.

मखमल रिंगेत घालायची नसते, हे पहिल्याच दिवशी बाईंनीच सांगितलं होतं. मोजणीदारांनी पेन्सिल उचलली, ओळ दोनदा वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली. चौतीस वर्षांत त्यांनी मोजणीच्या वहीतला एकही रकाना आकड्याशिवाय सोडला नव्हता. हा सोडला.